पूर्वेचा बांध

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही, आणि त्यावाचून आपलं काही अडतही नाही.

त्याच्या राज्यात साळू नावाची मुलगी होती. बारा वर्षं गुरूंकडे राहून तिनं जुन्या पोथ्या, काव्यं, शिलालेख यांचा अभ्यास केला, आणि मग ती दरबारात काम मागायला आली.

"तुला येतं काय?" प्रधानानं विचारलं.

साळू मान खाली घालून पुटपुटली, "विशेष काही नाही. थोडंफार वाचन आहे."

झालं! बारा वर्षांची विद्या पोरीनं एका वाक्यात मातीमोल केली. प्रधान म्हणाला, "पोथ्या रचून पूल होत नाहीत, बाई. घरी जा." सगळा दरबार खो खो हसला. हसणाऱ्यांचं काय जातं?

साळू घरी गेली ती स्वतःवरच चरफडत.

त्या श्रावणात आठ दिवस पावसानं उसंत दिली नाही. नगराच्या वरच्या अंगाला मोठा तलाव होता. त्याचं पाणी सर्वांत वरच्या पायरीला लागलं. काठावर पूर्वजांचा शिलालेख होता, 'पाणी वरच्या पायरीस लागता पूर्वेचा बांध वाढवावा.' राजानं आज्ञा केली, "बांध उंच करा!" गवंडी, मजूर दगड घेऊन धावले.

तेवढ्यात साळू गर्दीतून पुढे आली आणि त्यांच्या वाटेत आडवी उभी राहिली.

"थांबा! बांध उंच केलात तर तुंबलेलं पाणी खाली नगरावर येईल, अख्खं नगर बुडेल. लेखात तो फोडायला सांगितलाय."

"डोकं फिरलंय हिचं," प्रधान ओरडला. "वाढवावा म्हणजे वाढवावा! एवढं साधं मराठी कळत नाही?"

"मला कळतं, तुम्हाला कळत नाही." या वेळी साळूची मान ताठ होती. "देवापुढे नारळ फोडता की वाढवता?"

"वाढवतो."

"मग तो वाढून भोपळ्याएवढा होतो का?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. साळू म्हणाली, "आपले पूर्वज या बांधाची पूजा करायचे. पुजलेल्या वस्तूला ते 'फोडा' कसं म्हणतील? जुनं बोलणं वाचायला मी शिकले आहे. गवंडीबाबा, पूर्वेच्या बांधात चुना आहे का?"

म्हातारा गवंडी चपापला. "नाही बाई. तेवढ्याच जागी नुसती माती भरलीय. मला वाटायचं, आमच्या आजोबांनी अंगचोरी केली."

"फोडता यावा म्हणून तसा ठेवलाय. पलीकडे काय आहे?"

"ओसाड दरी. चिटपाखरू नाही तिथं."

राजानं हुकूम फिरवला. पहारी चालल्या. पाणी गडगडत दरीत उतरलं, आणि संध्याकाळी नगरात नेहमीसारख्या चुली पेटल्या.

"नशीब पोरीचं, अंदाज बरोबर निघाला," प्रधान म्हणाला.

"अंदाज नव्हे, प्रधानजी!" साळू कडाडली. "बारा वर्षांची मेहनत आहे ती. तिला नशीब म्हणाल तर मी ऐकून घेणार नाही."

राजा गळ्यातला हार काढू लागला. साळू म्हणाली, "हार नको महाराज, काम द्या. दरबाराचा एकही हुकूम, एकही करार मी वाचल्याशिवाय बाहेर जाऊ नये."

राजानं ते काम तिला दिलं. पहिल्याच दिवशी तिनं प्रधानाचा हुकूम परत पाठवला, "याचे दोन अर्थ निघतात, पुन्हा लिहा." आणि प्रधानानं तो निमूटपणे पुन्हा लिहिला.

तात्पर्य: आपल्या विद्येचं मोल आपणच ठणकावून सांगावं, मुक्या विद्येला जग विचारत नाही.