पोन्नम्मा खाली कशी बसली

एक होता राजा. पण राजाला मारा गोळी, तो जेवून घोरतोय. त्याचा एक भोई होता, त्याची गोष्ट आहे ही. नाव सटवा. राजाच्या लेकीची डोली सटव्याने खांद्यावरून पार तमिळ मुलुखात पोचवली. लेक सासरी लोडाला टेकून बसली. आणि सटव्याला काय म्हणाले? जा आता चालत घरी!

मग सटवा निघाला. खांदा सुजलेला, टाचा फुटलेल्या. चालता चालता झोपायचा आणि झाडाला धडकायचा. झाडालाच म्हणायचा, "सरका की जरा." हसू नका, डोळे मिटा.

मग भर दुपारी एक घर लागलं. दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी. ओट्यावर एक म्हातारी उभी. नाव पोन्नम्मा.

"ये तंबी, जेवून जा," ती म्हणाली. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. तिकडे कुणालाही म्हणतात. आता तिची भाषा याला कशी कळली, असलं विचारायचं नाही. गोष्टीत कळते.

आणि एक गुपित होतं बरं का. सटव्याला ते ठाऊक नव्हतं, तुम्ही ऐका. या पोन्नम्माकडे मागे एक देवी जेवून गेली होती, भिकारणीचं सोंग घेऊन. जेवण आवडलं तिला. म्हणाली, "पाहुण्याचं पान रिकामं दिसलं, की तुझं पातेलं आपोआप भरेल." तेवढ्यावर गप्प बसावं ना! पण पोन्नम्माला भारी ऐट. ती म्हणाली, "आणि पाहुण्याने पान मिटल्याशिवाय मी खाली टेकणार नाही, घास खाणार नाही." देवी म्हणाली, "तथास्तु." देवांना तथास्तु म्हणायची घाईच फार.

पान मिटणं म्हणजे काय? तिकडे केळीच्या पानावर जेवतात. पोट भरलं, की पान मधे दुमडून आपल्याकडे मिटायचं. तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पाहुणे जेवायचे, पान मिटायचे, मग पोन्नम्मा टेकायची. सगळं झकास चाललं होतं.

पण सटवा आपल्याकडचा. त्याच्या आईने त्याला एकच शिकवलं होतं, पानात शीत टाकायचं नाही. टाकलं, की आई उलथनं घेऊन मागे.

मग सटवा बसला. पोन्नम्माने पानावर पाणी शिंपडलं. मीठ, लोणचं, खोबरं पेरलेली घेवड्याची भाजी, पापड. मधे भाताचा ढीग आणि त्यावर सांबार. सटव्याने सगळं खाल्लं. पान चाटूनपुसून लख्ख केलं आणि म्हणाला, "बास, अम्मा."

"लाजतोस काय, तंबी?" पोन्नम्मा म्हणाली. पान तर रिकामं! पातेलं भरलं, तिने पुन्हा भात वाढला. वर मिऱ्यांचं पातळ कढत रसम.

सटवा बिचारा. नाक गळतंय, डोळे मिटतायत, पण आईचं उलथनं आठवतंय. मग त्याने रसम-भात खाल्ला. पान पुन्हा लख्ख.

"खरंच बास, अम्मा. आता गळ्याशी आलं."

"गळा मोठा आहे तुझा," पोन्नम्मा म्हणाली. पण आवाज बारीक झाला होता तिचा. एका हाताने तिने भिंत धरली होती. पातेलं पुन्हा भरलं. पाहुण्याला ऊठ म्हणायचं, ही तर त्या घरात शरमेची गोष्ट. मग तिने ताक-भात वाढला.

सटवा घास घ्यायचा आणि घास तोंडात ठेवूनच पेंगायचा. पोन्नम्मा पळी धरून उभ्या उभ्या पेंगायची. बाहेर कावळासुद्धा कंटाळून उडून गेला.

मग एकदम टण्ण! पळी पडली. सटवा दचकला. बघतो तर म्हातारीचे पाय थरथरतायत. घोटे भोपळ्यासारखे सुजलेत. सटवा भोई होता बाबांनो. ओझ्याखालचे पाय त्याला लांबूनही कळायचे.

"अम्मा, तू जेवलीस का?"

"पाहुण्याआधी कशी जेवू?"

"मग बस तरी."

"नाही बसता येत, तंबी." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

सटव्याने पानाकडे पाहिलं. थोडाच ताक-भात उरला होता. तो संपवला, की ही परत वाढणार. परत वाढलं, की ही पडणार. मग त्याने मनातल्या मनात आईला सांगितलं, "हाण किती हाणायचं ते." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने पानात भात टाकला.

पण लाज वाटली हो! कुणी बघेल म्हणून त्याने काय केलं? पानाचा वरचा अर्धा भाग धरला, आपल्याकडे ओढला आणि भात झाकून टाकला.

धप्प! पोन्नम्मा खाली बसली.

पाय पसरून, भिंतीला टेकून बसली. "अगं आई गं," म्हणाली. मग हसली, मग थोडी रडली, मग परत हसली. सटव्याला वाटलं, टाकलेला भात दिसला हिला.

"रागावू नकोस, अम्मा."

"रागावू? तंबी, मला वाढ आधी. जीव चाललाय भुकेने."

मग सटव्याने नवं पान मांडलं आणि तिला वाढलं. आडवंतिडवं वाढलं, लोणचं भातावरच ओतलं. पोन्नम्मा आपली जेवत राहिली. पोट भरलं, ढेकर दिली आणि पान आपल्याकडे मिटलं.

सटवा बघतच राहिला. "हात्तिच्या! एवढंच करायचं होतं?"

"एवढंच."

"मग सांगायचं नाहीस?"

"तू विचारायचं नाहीस?"

मग दोघंही तिथंच आडवे झाले. एक या भिंतीशी, एक त्या भिंतीशी. खरकटंसुद्धा काढलं नाही. देवीने वरून पाहिलं आणि तीही जांभई देऊन आत गेली. पुढे सटवा सुखाने घरी पोचला, पोन्नम्मा सुखाने बसत राहिली. आणि तुम्ही अजून जागे? चला, गोधडी ओढा नाकापर्यंत. जो बोलेल, त्याला मी आत्ता उठवून तीन वेळा ताक-भात वाढीन.