निवखोलात 'येतो' म्हणत नाहीत

गावात शिरताना बघितलंत ना, देवाची पालखी बसवायला पत्र्याची शेड आणि ॲम्ब्युलन्स सहाणेवर उभी? नव्या माणसाला वाटतं, निवखोलवाल्यांची अक्कल गहाण पडलीय. सहाण म्हणजे शिमग्यात पालखी बसवायचा चौथरा. इतर गावांत तिथे देव बसतो, आमच्याकडे गाडी. बसा जरा. पालखी अजून वरच्या वाडीत आहे. मला काही इथून हलता यायचं नाही, शिमग्याच्या दिवशी गाडीवरची पाळी आमच्या घराची असते. का, ते सांगतो. ऐकायला गोड नाही.

गोष्ट माझ्या पणज्याच्या वेळची. तेव्हा रस्ता नव्हता आणि डॉक्टर तीन कोसांवर, बंदरात. माणूस आजारी पडला की बांबूला घोंगडी बांधायची, त्यात त्याला घालायचं आणि चौघांनी खांद्यावर न्यायचं. तिला डोली म्हणत. डोलीला खांदा द्यायला कुणी नाही म्हणायचं नाही, अशी गावाची रीतच होती म्हणे. रीत होती हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, अडाणी होते बिचारे.

गावात आवडाक्का नावाची सुईण होती. नवरा लवकर वारलेला, पदरात एकच लेक, काशी. निम्मं गाव आवडाक्कानं आपल्या हातांनी जगात आणलं, असं सांगतात. ओढ्याला कमरेएवढं पाणी असलं तरी जायची. बोलावणं आलं आणि ती थांबली, असं कधी झालं नाही. त्या शिमग्याच्या आठ दिवस आधी माझी पणजी अडली होती. दोन दिवस आवडाक्का आमच्या घरात होती, दोन घास खाल्ले तेसुद्धा उभ्यानं. पणजी वाचली, मूलही वाचलं. ते मूल म्हणजे माझा आजा.

त्या वर्षी वरची वाडी आणि खालची वाडी यांचं मानावरून वाजलं होतं. पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून. माझा पणजा भिवाजी हा खालच्या वाडीचा मानकरी. शेवटी ठरलं असं, की दोन्ही वाड्यांनी आळीपाळीनं पालखी नाचवायची आणि ती सहाणेवर बसायच्या आत ज्या वाडीचा माणूस सोडून जाईल, त्या वाडीचा मान कायमचा गेला. मिशा पिळलेली मोठी माणसं, आणि भांडत होती कशासाठी, तर एका लाकडी दांड्यासाठी.

भर दुपारी पालखी ऐन रंगात आलेली असताना काशी धावत आली. आवडाक्का माळावर काटक्या गोळा करत होती, तिला फुरसं चावलं होतं. फुरसं म्हणजे हातभर लांबीचा साप, पण त्याचं विष सावकाश चढतं. बंदरातल्या डॉक्टरकडे त्यावर औषध होतं. वेळही होता. फक्त चार खांदे हवे होते. काशीनं वरच्या वाडीला विचारलं, ते खालच्यांकडे बघायला लागले. खालच्यांनी वरच्यांकडे बघितलं. आधी कोण सोडतोय, एवढंच सगळे बघत होते. मग ती माझ्या पणज्यापुढे जाऊन उभी राहिली.

"दादा," ती म्हणाली, "आठ दिवसांमागे ती तुमच्या दारात होती."

पणज्याचा खांदा दांड्याखाली होता. तो म्हणाला, "तू हो पुढे. पालखी बसली की येतो."

पालखी काही लवकर बसली नाही. एका वाडीनं घटकाभर नाचवली की दुसरी दोन घटका नाचवायची. दिवस कलला तेव्हा कुठे देव सहाणेवर बसला आणि पणजा डोली घेऊन निघाला. आता त्याच्या मागे दोन्ही वाड्यांचे चाळीसेक जण धावत होते, मान सगळ्यांचाच शाबूत होता ना. बंदराच्या वाटेवर दुसऱ्या वळणाला त्यांना काशी दिसली. आईला पाठुंगळी घेऊन पोर एवढी लांब आली होती. आवडाक्काचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि जीव गेलेला होता. पणजा डोली टेकवून वाकला, तेव्हा काशीनं हात आडवा धरला.

"जितेपणी चार मिळाले नाहीत. आता चाळीस कशाला?"

तिनं एकाही पुरुषाला आईला शिवू दिलं नाही. गावातून बायका आल्या. तिरडीला चौघींनी खांदा दिला, चौघीही आवडाक्काच्या हातून बाळंत झालेल्या. त्यांत माझी पणजी होती, आठ दिवसांची ओली बाळंतीण. चारच पावलं चालली, पण चालली. बाप्ये मागून रिकाम्या खांद्यांनी गेले. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, तरी त्या वळणावरून जाताना माझी मान वर होत नाही.

दुसऱ्या दिवशी देव देवळात परत न्यायचा, तर पालखी उठेना. आठ जण लागले, सोळा लागले, दांडा करकरला, पण पालखी जागची हलली नाही, असं सांगतात. गुरवानं कौल लावला, तर देव कौलही देईना. तीन वर्षं देव सहाणेवर तसाच. आता देव खरंच जड झाला होता, का उचलणाऱ्यांना आपल्याच खांद्यांची लाज वाटत होती, ते मला ठाऊक नाही. शेवटी भिवाजी काशीच्या दारात गेला आणि देवाला काय हवंय ते तूच सांग म्हणाला. ती म्हणाली, देवाचं मला माहीत नाही, पण सहाणेवर डोली ठेवा आणि तिच्यापाशी रोज चार माणसं बसवा. डोली सहाणेच्या पायरीवर आणून ठेवली, आणि म्हणे दोघांनीच पालखी उचलली.

डोलीची पुढे बैलगाडी झाली, मग जुनी जीप, आता ही. पाळी मात्र घरोघरची तशीच चालू आहे. वाटेत पालखी असताना गाडी निघाली, तर पालखी आहे तिथे धुळीत भुईवर ठेवतात आणि सगळे बाजूला होतात. पणज्यानं पुन्हा दांड्याला हात लावला नाही. शिमग्याला आमच्या घरचा माणूस इथे बसतो, ढोल कानावर येतात तेवढेच. पालखी गावातल्या प्रत्येक घरी जाते. आमच्या दारात आम्ही बोलावत नाही. कुठल्या तोंडानं बोलवायचं?

मागे काही जणांनी गाडीवर 'सेवा मंडळ' असं रंगवायचा घाट घातला होता. मी आडवा पडलो. सेवा कसली, गावाची लाज आहे ती, चाकांवर उभी केलेली.

आजही इथे फोन वाजला की पाळीचा माणूस पत्ता ऐकून घेतो आणि एकच शब्द बोलतो, "निघालो." आणि आजही निवखोलात घराबाहेर पडताना कुणी 'येतो' म्हणत नाही. 'जातो' म्हणणं अशुभ, हे आम्हालाही ठाऊक आहे. तरी आमच्याकडे सासरी निघालेली लेकसुद्धा 'जाते' म्हणते आणि तिची आई ते ऐकून घेते. तुम्ही आता पालखी बघायला वर जाल. उठताना सवयीनं तुमच्या तोंडात तो शब्द येईल. मला म्हणू नका. भिवाजीचा पणतू आहे मी, मला तो ऐकवत नाही. 'जातो' म्हणा, आणि जा.