धाकूने लावलेली सीतेची वेणी

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात धाकू नावाचा एक भोळा होता. भोळा म्हणायचं ते आपलं लोकलाजेस्तव. त्याची आत्या येसूबाई त्याला दगड म्हणायची. दगडाला जीभ असती तर तो भांडायला आला असता.

पलीकडच्या गावचे बाबाजी घाग आपल्या मुलीसाठी धाकूला बघायला येणार होते. आत्याने रानातून सीतेच्या वेणीचं रोप आणलं. जांभळट फुलांचे लांब घोस लोंबतात ती. "नीट लाव हो. दाराशी शोभा दिसू दे."

धाकूने खड्डा खणला. शेणखत दाबलं, हंडाभर पाणी ओतलं. आठवडाभरात रोपाचा चिखल झाला.

"अरे दगडा, हे मातीतलं नव्हे! हवेवर जगतं. खायला काही घालायचं नाही, नुसतं पाणी शिंपडायचं!"

"मग आधी सांगायचं की," धाकू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आत्या बाजाराला गेली. जाताना म्हणाली, "म्हशीकडे बघ." धाकूने बघितलं. पुढ्यातला पेंढा उचलून माळ्यावर टाकला आणि तिच्या अंगावर पाणी शिंपडत बसला. उपाशी म्हशीने दावं तोडलं आणि शेजाऱ्याचा भोपळ्याचा वेल फस्त केला.

"गाढवा, पोटभर चारायचं! आणि करकचून बांधायचं!"

"आता कळलं."

आत्याने दुसरं रोप आणलं. "आंब्याच्या फांदीला बांध." धाकूने असं करकचून बांधलं की रोपाचं कांडंच मोडलं. वर भिजवलेली पेंड थापली. मुंग्यांची चंगळ झाली.

आत्या रडकुंडीला आली. "सैल बांधायचं रे! खाली ओल नको, सावली हवी, वारा हवा. मुळं लोंबती सोडायची. वर पाण्याचा शिडकावा. खायला काही नाही! म्हणून दाखव."

धाकूने घडाघडा म्हणून दाखवलं. पोरगं सुधारलं, असं आत्याला वाटलं. आत्याही त्याच घराण्यातली.

बाबाजी आले. आत्या वडे तळायला चुलीपाशी गेली. धाकूने पाहुण्यांना आंब्याखाली नेलं.

"सावली छान आहे," बाबाजी म्हणाले. "पण खाली ओल आहे रे. माझे पाय आखडतात. जरा वाऱ्याला बसव."

सावली, ओल, वारा! धाकूचा चेहरा उजळला. असा सोपा प्रश्न त्याला जन्मात कोणी विचारला नव्हता. त्याने खालच्या फांदीला शिडी लावली. पोरगा अगत्याचा आहे, असं समजून बाबाजी वर चढून बसले. धाकूने सुंभ काढलं.

"हे कशाला?"

"सैलच बांधतो."

पडू नये म्हणून काळजी घेतोय, म्हणून बाबाजी आणखी खूश झाले. मग धाकूने शिडी काढून घेतली आणि खालून तांब्याने शिडकावा सुरू केला.

ओरडा ऐकून आत्या वड्यांचं ताट घेऊन धावत आली. "पाहुणे कुठेत रे?"

"लावले," धाकू म्हणाला. "मुळं लोंबती सोडलीत. ताट आत ने आत्ये, खायला घातलंस तर कुजतील."