दुपारचा पहारा

“...म्हणजे बंदच करून टाकू ना, बाबा?”

मयूरेशनं हे तिसऱ्यांदा विचारलं. केरूबाबा गळ्यात वीणा घेऊन उभे होते. तारेवरचं बोट काही थांबलं नाही.

“काय बंद करतोस?”

“माझा प्रोग्रॅम. काढूनच टाकतो. कुणाला कदर नाही त्याची.”

“बरं,” बाबा म्हणाले, आणि पुन्हा ‘रामकृष्ण हरी’ सुरू.

धानोऱ्याच्या मारुतीच्या देवळात सप्ताहाचा पाचवा दिवस होता. आमच्याकडं सप्ताहात वीणा सात दिवस गळ्यातून गळ्यात फिरते. ती जमिनीला टेकवायची नाही आणि तिचं वाजणं थांबू द्यायचं नाही. एकानं तासभर उभं राहायचं, मग दुसऱ्यानं. याला पहारा म्हणतात. पहाटेच्या पहाऱ्यासाठी माणसं भांडतात. दुपारी जेवणं झाली, की देव आणि केरूबाबा असे दोघंच उरतात.

मी सप्ताहात वाढपी. त्या दुपारी खांबाशी बसून संध्याकाळच्या पंगतीच्या पत्रावळी पुसत होतो, म्हणून हे सगळं कानावर आलं.

पहाऱ्यात बोलू नये म्हणतात. बाबा बोलतात. बाबांना सांगणार कोण?

मयूरेश आमच्याच गावचा. लहानपणी बाबांकडं पखवाज शिकला, आता पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पोरगं गुणी आहे, पण नाकावर माशी बसू देत नाही. सकाळच्या एसटीनं आला आणि न जेवताच बाबांपुढं येऊन उभा राहिला होता.

“तुझं ते यंत्र करतं काय?” बाबांनी विचारलं.

“मराठी वाचून दाखवतं. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांच्यासाठी. मावशीची नजर गेली तेव्हा लिहायला घेतलं होतं. दोन वर्षं लागली.”

“वाचतं का चांगलं?”

“वाचतं. मावशी रोज पेपर ऐकते. पुढं मी तो सगळ्यांसाठी खुला केला. ओपन सोर्स म्हणतात त्याला. फुकट वापरायचा, आतलं लिखाण उघडून बघायचं, चुकलं असेल तर सुधारायचं. कुणीही.”

“कुणीही?”

“कुणीही.”

“हे कुणी लिहून दिलं?”

“मीच. वरतीच लिहिलंय तसं.”

“मराठीत?”

“इंग्रजीत.”

“मराठीत लिहायचं होतंस, लेकरा. तुला वाचता आलं असतं.”

मला हसू फुटलं. मयूरेशला नाही फुटलं.

मग त्यानं खरं काय ते सांगितलं. तालुक्याच्या गावी एक अंधशाळा आहे. तिथं सोळा कॉम्प्युटर आहेत आणि सोळाही ठिकाणी याचाच प्रोग्रॅम वाचतो. परवा मुलांची गणिताची परीक्षा, आणि मुलं प्रश्न ऐकणार ते याच्याच प्रोग्रॅमकडून. आणि त्यात एक चूक निघाली. एकोणऐंशी आलं की तो एकोणनव्वद म्हणतो. एक ते शंभर आकडे मयूरेशनं हातानं भरले होते, तिथं एकोणऐंशीच्या जागीही एकोणनव्वदचीच ओळ पडली.

“मग सुधार की.”

“सुधारलंय. मी नाही, रेशमा तांबोळी म्हणून त्या शाळेत शिकवतात, त्यांनी. त्यांनाही दिसत नाही. ऐकून ऐकून प्रोग्रॅम लिहायला शिकल्या. चूक त्यांच्याच कानाला लागली. दुरुस्ती करून माझ्याकडं पाठवली. मी होय म्हटलं, की सोळाही कॉम्प्युटरवर आपोआप जाते.”

“होय म्हणायला काय लागतं?”

“एक बटण.”

“आणि किती दिवस झाले?”

मयूरेश खाली बघायला लागला. “नऊ.”

वीणा वाजत राहिली...

“एवढंच सुधारलं असतं तर मी लगेच घेतलं असतं, बाबा,” तो म्हणाला. आवाज जरा चिरकला होता. “पण त्यांनी आकड्यांचा सगळा भागच नव्यानं लिहिला. माझ्यापेक्षा तिपटीनं छोटा. आणि चांगला. मी रात्रंदिवस बसून लिहिलेलं त्यांनी पुसून टाकलं. त्याखाली कुणीतरी शेरा मारलाय, ‘आता कुठं हा प्रोग्रॅम नीट झाला.’ आता कुठं! दोन वर्षांत एका माणसानं बरं केलंस म्हणून लिहिलं नाही. लिहिल्या त्या सगळ्या तक्रारी. आणि आता कुठं!”

खरं सांगतो, मला पोराची दया आली. मीही चाळीस वर्षं वाढतोय. भाजीत मीठ जास्त झालं तर सगळे सांगतात, बेताचं पडलं तर कुणी बोलत नाही.

“त्या बाईंना स्वतःचं वेगळं काढता येत नाही का?” बाबांनी विचारलं.

“येतं. माझी नक्कल घेऊन त्या उद्या स्वतःच्या नावानं चालवू शकतात. परवानगी आहेच. पण त्यांनी लिहिलंय, तुमचं काम तुमच्याकडंच राहू दे, एवढं फक्त घ्या.”

“मग?”

“मग माझं त्यात काय उरलं, सांगा ना. त्यापेक्षा बंद केलेलं बरं. माझं आहे, मी काढून घेतो. बरोबर आहे ना?”

बाबांचे पाय थरथरत होते. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, दोन वाजताचा पहारेकरी आलाच नाही म्हणून लागोपाठ दुसरा पहारा करत होता.

“धर,” ते म्हणाले.

“मी? मी फक्त पखवाज...”

“धर.”

बाबांनी वीणा गळ्यातून काढली आणि त्याच्या गळ्यात घातली. वाजवता वाजवताच त्याचं बोट तारेवर नेऊन ठेवलं. मग वाकले आणि त्याच्या पायांवर डोकं टेकलं.

मयूरेश दचकून मागं सरला. “बाबा! अहो, तुम्ही माझ्या...”

“रीत हाय. देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या पाया पडायचं. लहानपणापासून बघतोस की.”

बघितलं होतं त्यानं, शंभरदा. पण गुरूचं पांढरं डोकं आपल्याच पायांवर बघणं वेगळं. तो घशातल्या घशात ‘रामकृष्ण हरी’ म्हणायला लागला.

बाबा खांबाला टेकून बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग म्हातारी शकुबाई आली. देवाला हळद-कुंकू वाहिलं, आणि वळून मयूरेशच्या पायांवर डोकं ठेवायला लागली.

“आजी, नको,” तो लाजून म्हणाला.

“गप उभा राहा. मी काय तुझ्या पाया पडते व्हय?”

शकुबाई भिंतीला टेकून पेंगायला लागली. मयूरेश गप उभा राहिला.

त्याच्या खिशात मोबाईल थरथरला. एकदा, दोनदा. दोन्ही हात वीणेत अडकलेले. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी पत्रावळीकडं बघितलं. पहाऱ्यातल्या माणसाचा फोन मी कशाला काढू?

ताल त्याचा पक्का होता, त्यात खोट नाही. पण मन तिथं नव्हतं. बोट आपलं सवयीनं चालत होतं आणि चेहऱ्यावर त्या शेऱ्याचं भांडण चाललेलं दिसत होतं. मध्येच बाबांच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, माशी बसली असेल.

तास भरला. पुढचा पहारेकरी येईना.

“आता कुणाचा पहारा?” मयूरेशनं दबक्या आवाजात मला विचारलं.

“बन्सीचा. पंक्चरवाला.”

त्याचा खांदा भरून आला होता. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होता. वीणा खाली ठेवायची सोय नाही, आणि देणार तरी कुणाला? एकदा बाबांकडं बघितलं त्यानं. बाबा डोळे उघडायला तयार नाहीत.

वीस मिनिटांनी बन्सी आला. पळतच आला, हात-पाय धुऊन, पण नखांतला काळा रंग काही निघाला नव्हता.

“ट्रॅक्टरचा टायर निघंना की हो,” तो म्हणाला. “लई वेळ उभा ठेवलं तुला. आण.”

मयूरेशनं वीणा त्याच्या गळ्यात घातली आणि ताठ उभा राहिला.

आता वाकायचं त्यानं होतं. बन्सी सातवीत शाळा सोडलेला. पायांच्या भेगांत ऑईल मुरलेलं. मयूरेश वाकला, पण अर्धाच. हात गुडघ्यांपाशी नेल्यासारखे केले आणि सरळ झाला. बन्सीनं मात्र तार वाजती ठेवून, पार वाकून, त्याच्या पावलांना कपाळ लावलं. आमच्याकडं घेणाराही पडतो पाया.

मग सरळ होऊन बन्सीनं कान देऊन तार छेडली.

त्यानं मान थोडी कलती केली. दुसऱ्यांदा छेडली. उजव्या हाताचं बोट चालूच ठेवून त्यानं डावा हात वर नेला आणि खुंटी पिळली, चिमूटभर. आणखी थोडी.

तार वर आली.

माझे कान वाढप्याचे, मला सुरातलं ओ की ठो कळत नाही. पण मलाही कळलं. सगळं देऊळ एकदम भरल्यासारखं वाटलं. पेंगणाऱ्या शकुबाईनंही डोळे उघडले.

म्हणजे इतका वेळ वीणा सुरातून उतरलेलीच वाजत होती.

मयूरेशचे कान लाल झाले. तो बन्सीकडं बघत राहिला, आता हा काहीतरी बोलेल म्हणून. हसेल, निदान आपल्याकडं बघून मान तरी हलवेल. बन्सीनं डोळे मिटले होते. ‘रामकृष्ण हरी’ म्हणत तो जागच्या जागी डुलत होता. मघाशी कुणाच्या गळ्यात वीणा होती, हे त्याच्या ध्यानात तरी होतं की नाही, देव जाणे.

मयूरेश पुन्हा त्याच्याजवळ गेला. कुणी सांगितलं नव्हतं. गुडघे टेकून बसला आणि बन्सीच्या त्या काळ्या भेगांवर कपाळ टेकलं. बराच वेळ टेकलं. बन्सीला कळलंही नाही.

मग तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. मीही पत्रावळी घेऊन मागोमाग गेलो. उगाच, म्हटलं पोरगं रडतंय की काय.

त्यानं मोबाईल काढला होता. वाचला आणि माझ्यापुढं धरला. का, ते त्यालाच ठाऊक. रेशमाबाईंचा निरोप होता:

‘सर, काळजी करू नका. मुलांना सांगून ठेवलंय, परीक्षेत एकोणनव्वद ऐकू आलं की मला हाक मारा, मी ब्रेलवरून खरं काय ते सांगेन. नऊ दिवस तुमचं काही कळलं नाही म्हणून विचारते. तब्येत बरी आहे ना?’

“तब्येत विचारतात त्या माझी,” मयूरेश म्हणाला. सोळा पोरं एकाच बाईंना हाका मारणार, आणि ती बाई या रुसून बसलेल्या पोराची तब्येत विचारतेय. मला भरून आलं, लपवत नाही.

त्यानं अंगठ्यानं बटण दाबलं. झालं. नऊ दिवस अडलेलं काम श्वास घ्यायच्या आत झालं.

मग त्यानं निरोप लिहिला. दोनदा लिहून पुसला. तिसऱ्यांदा लिहिलं ते मी वाचलं: ‘ताई, घेतलं. तब्येत बरी नव्हती, आता बरी आहे. चूक माझी होती. यापुढं हे काम माझ्याबरोबर तुम्हीही सांभाळाल का?’

थोड्या वेळानं त्यानं मोबाईल कानाशी नेला, आणि मग माझ्या कानाशी. आतून त्याच्या प्रोग्रॅमचा सपाट आवाज म्हणाला, “एकोणऐंशी.”

“बरोबर आहे,” मी म्हणालो. जसं काही मला विचारूनच सगळं ठरणार होतं.

तो उठून आत गेला. बन्सीची वीणा चालू होती. बाबा खांबाशी तसेच बसले होते. मयूरेश त्यांच्यापुढं मांडी घालून बसला.

“बाबा...”

“हूं.”

“तार उतरली होती. माझ्याकडं होती तेव्हा.”

“हूं.”

“तुम्हाला ऐकू येत होतं?”

“येत होतं की. पहिल्या पावतासापासून.”

मयूरेश पुढं सरकला.

“मग सांगितलं का नाही? नुसतं एकदा म्हणायचं होतं, तार उतरलीय म्हणून... तासाच्या वर मी बेसूर वाजवत उभा होतो, बाबा. शकुआजी येऊन पाया पडली. तुम्ही समोर बसून ऐकत राहिलात. सांगितलं का नाही?”

बाबांनी डोळे उघडले. त्याच्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी पखवाजाचे बोल चुकले की फिरवायचे तसा.

“सांगितलं असतं, लेकरा,” ते म्हणाले, “तर तू वीणाच खाली ठेवली असतीस.”