कच्चं पाणी

“सोमवारपर्यंत जगला तरी पुरे, अक्का. तुमच्या जोडीतला एक मासा द्याल?”

अक्का चौगुले आपल्या टाकीची काच पुसत होत्या. समुद्रापासून इतक्या लांब, सांगलीत, त्यांनी बैठकीच्या खोलीत समुद्र वाढवला होता. जिवंत पोवळी, आणि त्यांच्यातून फिरणारे मासे. पूर्वी त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. समोर उभे असलेले डॉक्टर शैलेंद्र उपाध्ये त्यांचे जुने विद्यार्थी, आता गावातले नावाजलेले भूलतज्ज्ञ.

“सोमवारी काय आहे?”

“चारूचं टॉन्सिलचं ऑपरेशन.”

“आणि माशाचं काय?”

डॉक्टरांनी कपाळावरचा घाम पुसला. सांगणं भागच होतं.

लेकीला, चारूला हौस म्हणून त्यांनी घरी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली होती. वाळू अंथरली, दगड रचले, मीठ मिसळून पाणी भरलं. अक्कांनी बजावलं होतं, पाणी कच्चं आहे. माशाची घाण पचवणारे सूक्ष्म जीव आधी दगडांवर वाढू देत, मगच मासा सोड. डॉक्टरांनी वाकून पाहिलं तर पाणी काचेसारखं नितळ. त्यांनी अक्कांच्या जोडीसारखाच, नारंगी रंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा आणून सोडला.

काही दिवसांतच तो तळाशी आडवा झाला.

चारूनं विचारलं, “बाबा, त्याला भूल दिलीत?”

डॉक्टर “हो” म्हणून गेले. मग त्याला उचलून नेलं आणि म्हणाले, दवाखान्यात ठेवलाय, उठला की घरी आणू.

“आता ती म्हणते... आधी मासा उठू दे, मग मी जाईन. धड जेवत नाही, झोपेत दचकते. अक्का, मी भूल दिलेला पेशंट उठला नाही असं आजवर झालेलं नाही. तिलाही काही होणार नाही. पण तिला मासा दिसायला हवा. एकदाच.”

अक्कांनी हातातलं फडकं बाजूला ठेवलं.

मग त्यांनी जाळी उचलली, जोडीतला एक मासा पकडला, पाण्याच्या पिशवीत घातला आणि पिशवीचं तोंड रबरानं आवळलं.

“चल.”

डॉक्टरांच्या घरी चारू आतल्या खोलीत आईजवळ होती. अक्कांनी टाकीतलं थोडं पाणी नळीत घेतलं, त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. पाणी हिरवं होत गेलं, म्हणजे घाणीचं विष अजून त्यात होतं. त्यांनी नळी डॉक्टरांसमोर धरली, आणि टेबलावर ठेवली.

“पिशवी पाण्यावर तरंगू दे जरा. आतबाहेरचं गार-गरम एक होऊ दे.”

पिशवी तरंगत राहिली. मासा आतल्या आत गोल फिरत होता.

“मी रोज पाणी बदलत राहीन...”

“बदल.”

“तरी त्याला काय होईल?”

“धाप लागेल.”

धाप म्हणजे काय, हे डॉक्टरांना कुणी सांगायला नको होतं.

अक्कांनी त्यांच्या हातात कात्री दिली. “काप.”

डॉक्टरांनी पिशवीची गाठ मुठीत धरली. पाती रबराला टेकली. मग त्यांनी कात्री खाली घेतली.

“तुम्हीच सोडा ना, अक्का.”

“मासा तुला हवा होता.”

तेवढ्यात चारू दारात आली. धावतच टाकीशी गेली, पिशवीला दोन्ही हात लावले.

“उठला! बाबा, उठला!”

आता काही सांगायची गरजच नव्हती. नुसतं गप्प बसलं की झालं.

डॉक्टरांनी अक्कांकडे पाहिलं. अक्का माशाकडे बघत होत्या.

“चारू... हा तो नाही.”

“मग तो कुठाय?”

“तो मेला. मी त्याला भूल दिलीच नव्हती. पाणी कच्चं होतं, तरी मी घाई केली. आणि तुझ्याशी खोटं बोललो.”

चारूनं पिशवीवरचे हात काढून घेतले.

“मग मी मेले तरी आईला सांगाल, झोपलीय म्हणून?”

 डॉक्टर तिच्यासमोर फरशीवरच बसले.

“नाही,” ते म्हणाले.

 तिनं विचारलं, “सुई टोचणार?”

“हो.”

“दुखणार?”

“टोचताना थोडं. उठल्यावर घसा दुखेल, तो मात्र खूप.”

“भूल तुम्ही देणार?”

“दुसरे डॉक्टर देतील. मी तुझा हात धरून असेन.”

तिचे प्रश्न संपेनात. एकेका प्रश्नाला ते उत्तर देत राहिले. जे माहीत नव्हतं, ते माहीत नाही म्हणाले. केव्हातरी अक्का पिशवी उचलून निघून गेल्या, ते दोघांनाही कळलं नाही.

सोमवारी चारू गेली. हसत नाही गेली. दाराशी रडली, बापाचं बोट पिरगाळलं, पण गेली. शुद्धीवर आल्यावर घोगऱ्या आवाजात म्हणाली, “दुखतंय.” ते बोट तिच्या मुठीतच होतं.

पुढे एका सकाळी डॉक्टर अक्कांकडे आले. चेहरा उतरलेला.

“अक्का, ऑपरेशनच्या खोलीबाहेर माणसं मला अडवतात. विचारतात, उठेल ना? इतकी वर्षं मी चालता चालता ‘हो हो’ म्हणायचो. आता जीभच उचलत नाही. काल एक बाई नवऱ्यासाठी विचारत होती, मी तसाच आत निघून गेलो... काय सांगायचं या लोकांना?”

अक्का माशांना खाणं घालत होत्या. शेवटची चिमूट त्यांनी पाण्यात सोडली.

मग म्हणाल्या, “आधी बस त्यांच्याजवळ.”