पावसकरांची तुळस

टप्, टप्, टप्. फार वर्षांपूर्वीच्या एका मे महिन्यात, रत्नागिरीच्या एका सोसायटीत, तात्या मयेकरांच्या खिडकीतल्या एसीचं पाणी खालच्या मजल्यावर चेअरमन पावसकरांच्या तुळशीत गळायचं.

एके सकाळी पावसकर वर आले. "मयेकर, तुमच्या घाण पाण्यानं तुळस कुजतेय. पाणी थांबवा, नाहीतर सभेत ठराव करून एसी उतरवायला लावतो."

तात्यांची बायको इंदू दम्याची. उकाड्यात तिचा जीव कासावीस व्हायचा.

त्यांनी लगेच एसी बंद करून जाळी धुतली, ट्रेमधला गाळ काढला, तुंबलेलं भोक तारेनं मोकळं केलं आणि नळी लावून पाणी घरातल्या बादलीत सोडलं. खाली एक थेंब पडेना.

आठवड्यानं पावसकर दोन सभासदांना घेऊन पुन्हा दारात उभे राहिले. "तुळस वाळली. तुमच्या एसीची गरम हवा लागते तिला. आता उतरवाच तो."

तात्या सावकाश म्हणाले, "साहेब, हवा तर पूर्वीही लागत होती. बंद झालंय ते फक्त पाणी. मग इतके दिवस तुमच्या तुळशीला पाणी घालत कोण होतं?"

एक सभासद तोंडावर रुमाल धरून खोकला. दुसरा म्हणाला, "चेअरमनसाहेब, ठराव राहू द्या आता."

आत इंदूनं सुटकेचा निःश्वास सोडला. तात्यांनी भरलेली बादली उंबऱ्यात आणून ठेवली. "घेऊन जा. रोज भरून ठेवीन."

पावसकरांनी बादली उचलली आणि ते जिना उतरू लागले.