चारही साक्षीदार घरचेच

बेदाण्याचे बडे निर्यातदार झुंजारराव बोलायचे आणि तासगावचे बागायतदार माना डोलवायचे. यंदा त्यांनी ब्लॉकचेन आणलं.

“कुणाचा बेदाणा कोणत्या दर्जाचा, हे चार संगणकांवर नोंदवणार, त्यावरच भाव. एकावर कुणी फेरफार केला, तर उरलेले तीन साक्षीदार बोंब मारतील. करा या करारावर सह्या!”

बागायतदार संघाच्या अध्यक्षा रत्नप्रभाताई उठल्या. “हे साक्षीदार राहतात कुठे?”

“चारही माझ्या ऑफिसात. किल्ली माझ्या खिशात.”

“मग ते बोंब मारतील कशाला?”

झुंजारराव भडकले. “माझ्यावर विश्वास नाही?”

“विश्वास असेल, तर चार संगणक हवेत कशाला? आणि नसेल, तर चारही तुमच्याकडे कशाला?”

एकाही पेनाचं टोपण निघालं नाही. संध्याकाळी दोन संगणक संघाच्या टेम्पोत चढले, तेव्हाच निघालं.